एका घरात दोन लता

वहिनी, तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तुझी दर्यापूरकडची मावशी आली. खेड्यातून काळीपिवळी जीपनं दर्यापूर, तिथून एसटीनं अकोला आणि स्टँडवरून ऑटो. ऑटो थांबायच्या आतच म्हातारीनं हंबरडा फोडला, "लता वं... माही लता वं..." मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. आणि मी काय केलं सांगू? मी ओ दिली. चांगली खणखणीत, गिऱ्हाइकाला देते तशी.

अंगणात सतरंजीवर बसलेली माणसं माझ्याकडे पाहायला लागली. दादानं मान खाली घातली. मावशी उतरली, डोळे बारीक करून तिनं मला न्याहाळलं आणि म्हणाली, "तुले नाई वं बाई. माह्या लतेले रडून राहिली मी." कुठं तोंड लपवावं ते मला कळेना. तांब्या तसाच हातात, आणि म्हातारीला पाणी द्यायचं तेही सुचेना.

तेवढ्यात तुझी वल्लरी जवळ आली. रडून रडून डोळे सुजलेले. हळूच विचारते, "आत्या, ही आजी लता कोणाला म्हणतेय? तुला काही झालंय असं वाटलं का तिला?" पुण्याला नोकरी करणारी, लग्नाला आलेली पोरगी, तुझ्या पोटची. तिला आपल्या आईचं नाव माहीत नव्हतं. मी म्हटलं, "तुझ्या आईलाच म्हणतेय. लग्नाआधी ती लता होती." तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "आणि मग तू?"

मी मावशीला आत घेऊन गेले. पण तेव्हापासून तिचा प्रश्न काही डोक्यातून जात नाही, म्हणून तुझ्याशीच बोलायला बसले आहे.

पोरीचा दोष नाही. तिला समजायला लागलं तोवर तुझे आईवडील गेले होते, गावचं घर विकलं होतं. आणि माहेरी तरी तुला लता कोण म्हणायचं? लेक म्हणून सगळे बाईच म्हणायचे. बाई आली, बाई गेली. मावशीही वर्षा-दोन वर्षांतून यायची ती बाई, बाई करत. खरं नाव तिच्या तोंडून निघालं ते तू ऐकायला नसताना.

तुझं लग्न ठरलं तेव्हा मी अकरा वर्षांची, आगाऊ, घरात लाडावलेली पोर होते. आई मुलगी पाहून आली तीच कपाळावर हात मारत. मुलगी चांगली, माणसं चांगली, पण नाव लता. एका घरात दोन लता कशा चालतील? बरं, लेकीचं बदलावं तर तिचं कशापायी बदलायचं? म्हणजे सुनेचंच. त्यात चर्चा करण्यासारखं कोणालाच काही वाटलं नाही. तसंही नव्या सुनेचं नाव बदलायचंच. नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिणार, बाया हसणार, साखर वाटणार. मला एवढंच कळलं की नवरी येते आहे आणि आपलं नाव वाचलं. तुझ्या लग्नात नवा परकर घालून मी मिरवत होते आणि जो भेटेल त्याला सांगत होते, तिचं बदलणार, माझं नाही.

दुसऱ्या दिवशी तू मला उठवायला आलीस. "लताबाई, उठा, शाळा हाय तुमची." नणंद शेंबडी का असेना, तिला अहोजाहो करायचं, हे तुला माहेराहून शिकवून पाठवलं होतं. मी तुला तू म्हणायची आणि तू मला तुमी. आणि त्या सकाळपासून तू तुझंच नाव घेऊन मला हाका मारत राहिलीस. लताबाई, जेवा. लताबाई, वेणी घालू द्या. लताबाई, तुमचा डबा राहिला. आपल्याच नावानं दुसरीला हाक मारताना कसं वाटत असेल गं? सुरुवातीला तर शब्द तोंडात अडकत असेल. मी कधी विचारलं नाही. यात विचारण्यासारखं काही आहे हेच माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

एकदा तरी शिरायला हवं होतं. माझ्या लग्नाचा बस्ता घ्यायला आपण अमरावतीला गेलो होतो. दुकानात गादीवर बसलो होतो, समोर साड्यांचा ढीग. मागून कोणी बाई आपल्या पोरीवर ओरडली, ए लता, इकडं ये. मी एका जरीच्या काठात गुंतलेली, मला ऐकूही आलं नाही. तू मात्र गर्रकन वळलीस. तुझ्या लग्नाला तेव्हा किती वर्षं होऊन गेली होती, घरात, गल्लीत, नात्यात तू पक्की माधवी झाली होतीस, तरी वळलीस. मी हसले. म्हटलं, "वहिनी, हाक लताची अन् तू काहून पाहून राहिली?" तू म्हणालीस, "अशीच." आणि मग त्या साडीत खोट काढायला लागलीस. रंग जाईल, पोत हलका आहे, पदर अपुरा आहे. दुकानदार वैतागला. मला वाटलं तुला साडी आवडली नाही. मी तर चिडलेही होते तुझ्यावर, गाडीत बोलले नाही अकोल्यापर्यंत.

मग मी त्याच अमरावतीत नांदायला गेले आणि माझ्याही पुढ्यात तांदळाचं ताट आलं. त्या घरात दुसरी कोणी लता नव्हती. नवऱ्याला आवडलं म्हणून अनुराधा. मला ती हाकच ऐकू यायची नाही. सासू स्वयंपाकघरातून अनुराधा, अनुराधा ओरडायची आणि मी खुशाल कपडे वाळत घालत असायची. त्यांना वाटायचं सून माजोरी आहे. नंतर नंतर ऐकू यायला लागलं, तर हातातलं टाकून धावायची, कारण त्या नावानं हाक आली की पुढं बोलणी ठरलेली. त्या घरात बाकी काय झालं ते तुला ठाऊक आहे, इथं कशाला उगाळू. एका दुपारी बॅग घेऊन निघाले ती सरळ आपल्या दारात.

आई दारात आली आणि तिच्या तोंडून पहिलं निघालं ते, आता लोकांना काय सांगायचं. तू आतून कणकेच्या हातानं आलीस, बॅग काढून घेतलीस आणि म्हणालीस, "या लताबाई." बस, एवढंच. मी उंबऱ्यातच बसून रडले. सगळ्यांना वाटलं, सासर सुटलं म्हणून रडते आहे. मी रडत होते ते माझं नाव मला परत मिळालं म्हणून. तेव्हा तरी कळावं की नाही? नाव गेलं की काय जातं हे अंगावर काढून आले होते मी. आणि ज्या बाईनं ते परत हातात ठेवलं, तिचं कोणी परत दिलंच नव्हतं. मी आपली डोळे पुसून पोळी खाल्ली.

पुढची खोली मला दिलीस. शिलाई मशीन तुझंच, तुझ्या रुखवतातलं. म्हणालीस, तुमच्या हातात शिवण हाय, बसून काहून राहता. वर्षभरात गिऱ्हाईक जमलं, तेव्हा मला न सांगता तू पेंटर बोलावलास. मी बाजारातून आले तर घराच्या कपाळावर पाटी चढत होती, लता लेडीज टेलर्स, लाल अक्षरं, पिवळी किनार. रंग तू निवडला होतास. पेंटर गेल्यावरही तू रस्त्याच्या पलीकडं जाऊन पदर कंबरेला खोचून किती वेळ पाटीकडे पाहत उभी होतीस. मी आतून हाक मारली की पाटी वाकडी आहे का. तू म्हणालीस, नाही, बरोबर हाय. आता त्या पाटीखालून येता-जाता मला वर पाहवत नाही.

आणि मी बाई किती बोलायची तुला! घरी परत आल्यावर माझी जीभ कात्रीसारखी झाली होती. आपलं भांडण आठवतं का? आपली दोघींची नावंच चुकली, असं माझं म्हणणं. लता काय, माधवी काय, शेवटी वेलच. कोणाच्या तरी आधारानं चढायचं, आधार काढला की भुईवर. आधी बापाचा मांडव, मग नवऱ्याचा, आता भावाचा. तू मागच्या अंगणात कौलांवर चढलेल्या कोहळ्याच्या वेलाला पाणी घालत होतीस. म्हणालीस, "कोहळा कवेलूवर चढते, पण पाणी कोठचं पेते? आपल्याच मुळातलं ना? टेकनं येगळं, खानं येगळं." मी म्हटलं, "मग मी खाणारी. बिनमुळाची अमरवेल म्हण मला." तुझ्या हातातला डबा तू तिथंच आदळलास. एवढ्या वर्षांत तुझा राग मी एकदाच पाहिला. "पुन्हा असं बोलसान तं मी जेवन करणार नाई," म्हणालीस आणि खरंच त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तू घास घेतला नाहीस. शेवटी मी ताट घेऊन तुझ्यामागं फिरले. पण वेल टेकते की खाते, ते भांडण काही मिटलं नाही. मी अजून माझ्याच बाजूनं आहे, वहिनी. आता तर जास्तच.

वल्लरी शाळेत जायला लागल्यावर तू त्या बाळंतपणाच्या दवाखान्यात कामाला लागलीस. बाळंतिणीला उठवणं-बसवणं, लेकरू न्हाऊ घालणं, टाळू भरणं. बाया मोकळ्या झाल्या की तुला विचारायच्या, माधवीताई, तुमच्या तोंडून एखादं नाव सांगा. आणि पोरगी असली की तू वेलीचंच नाव सांगायचीस. आधी आपली संपवलीस. मालती, जुई, लतिका, वल्लरी तर घरीच होती. मग दुसऱ्यांच्या भाषांमध्ये शिरलीस. संध्याकाळी चप्पल काढता काढता मला सांगायचीस, लताबाई, आज नवी वेल सापडली. एका मुसलमान बाईनं सांगितलं, आमच्यात जाईला यास्मीन म्हणतात. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाच्या घरी तू यास्मीन पाठवलीस. एका तेलुगू बाईकडून मल्ली, म्हणजे मोगऱ्याची वेल, आली. रेल्वेत नोकरी असलेल्या बंगाली बाबूची बायको म्हणाली ब्रतती, त्यांच्याकडे वेलीला तसंही म्हणतात. पारसच्या वीजकेंद्रात नोकरीवर असलेल्या तमिळ साहेबाच्या बायकोनं सांगितलं पूंगोडी, म्हणजे फुलांची वेल. ते तू पोळ्या लाटता लाटता घोकत होतीस, आणि आई मला विचारत होती, हे कोणता मंतर म्हणून राहिली.

एका ख्रिस्ती मास्तरणीनं तर स्वतःच आपल्या लेकीचं आयव्ही ठेवलं. तू अर्थ विचारलास. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला, थंड मुलखातली भिंत आणि तिच्यावर नुसती हिरवी पानं. घरी येऊन तू म्हणालीस, बरं नाव आहे, लेकराला स्वतःला म्हणता येईल असं. चिखलदऱ्याकडची एक बाई आली होती, तिनं तिच्या बोलीतलं वेलीचं नाव सांगितलं आणि तू ते ऑटोत कोणाशी तरी बोलण्याच्या नादात विसरलीस. दुसऱ्या दिवशी लवकर गेलीस तर बाई सुटी होऊन घरी गेलेली. कितीतरी दिवस तू ओठ हलवत असायचीस, जवळपास येतं म्हणायचीस, आणि येत नव्हतं. ते नाव तुला कधी सापडलंच नाही. मी मेली हसायची तुला. लोक भांडी जमवतात, साड्या जमवतात, आमची वहिनी वेली जमवते.

एकदा मी विचारलं की एवढ्या गावाच्या पोरींना नावं वाटलीस, एकीला लता का नाही सांगितलंस? साधं, सोपं, सगळ्यांना येणारं. तू दळणातले खडे निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "ते आपल्या घरचं हाय. बाहेर काहून देऊ?" मी ते ऐकलं आणि सुई ओवायला घेतली. सुईच्या नेढ्यातून दोरा जाईना म्हणून मी कुरकुरत होते, हे मला लख्ख आठवतं. तुझ्या बोलण्याचा अर्थ मात्र माझ्यापर्यंत आता आला, तू नाहीस तेव्हा.

आता घरातलं सांगते. तेरवीच्या दोन दिवस आधी दादा, आई, वल्लरी आणि मी पुढच्या खोलीत बसलो होतो. फोटो मोठा करायला टाकायचा होता. तुझा वल्लरीच्या पदवीच्या वेळी काढलेला, त्यात तू हसायच्या बेतात आहेस तो. फोटोवाल्यानं विचारलं होतं, खाली नाव काय टाकू. दादा म्हणाला, माधवी. वल्लरी म्हणाली, लता. ती म्हणाली, "बाबा, आईला निदान आता तरी तिचं नाव द्या ना." दादा म्हणाला, सगळं गाव तिला माधवी म्हणून ओळखते, लोकांना कळणार कसं कोण गेलं ते.

मग तो हाताच्या नखांकडे पाहायला लागला. तुला माहीतच आहे तो बोलतो किती. आणि एकदम म्हणाला, "मी ताटात पहिले लताच लिहिलं होतं. आईनं तांदळावरून हात फिरवला. मंग तिनंच हळू सांगतलं मले, माधवी लिहा. ते बी वेलच हाय."

हे मला माहीत नव्हतं, वहिनी. मी तिथंच होते, त्या ताटाला खेटून बसले होते, साखर कधी मिळते याच्याकडे डोळे लावून. माझ्या नाकासमोर तुझं नाव पुसलं गेलं आणि मी साखर पाहत होते. तू पुसलेल्या जागी रडत बसली नाहीस, भांडली नाहीस. नव्या नवरीला जेवढं हळू बोलता येतं तेवढ्या आवाजात आपल्यापुरती एक वेल राखलीस. आणि मग जन्मभर दुसऱ्यांच्या पोरींना वेली वाटत गेलीस. तुला त्याचा राग होता की आनंद, हे मी कधी विचारलं नाही. तू मला लहानपणापासून सगळं विचारलंस, भूक लागली का, पोट दुखतं का, तो मारतो का. मी तुला एक प्रश्न विचारला नाही.

आई ऐकत होती. कानानं कमी ऐकते, पण हे बरोबर ऐकलं. म्हणाली, "मंग काय करू? एका हाकेले दोघी धावल्या असत्या." आणि लगेच तिचा आवाज चढला. "अन् माहं बी बदललं होतं. मी काय मेली त्यानं?" वल्लरीनं विचारलं, आजी, तुझं काय होतं? आईनं तोंड उघडलं. मिटलं. पदर डोक्यावर सारखा केला, पुन्हा उघडलं. मग म्हणाली, "असन काहीतरी." आणि भिंतीकडं तोंड करून बसली. मला तिचा राग यायला हवा होता, आला नाही. तिच्या पाठीकडे बघून मलाच कसंतरी झालं.

मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. नाव माझं, म्हणजे मी काय म्हणते.

खोटं नाही बोलत तुझ्याशी. पहिला विचार माझ्या मनात आला तो पाटीचा. बाहेर पाटी लता, आत हार घातलेला फोटो लता. लोकांना वाटेल टेलरच गेली. सणाचे दिवस तोंडावर, ब्लाउजचे ढीग पडलेले, गिऱ्हाईक दारातून परत जाईल. तुला जाऊन अजून दहा-बारा दिवसच झालेले, आणि मी हा हिशोब करत होते. लाज वाटली. तोंडाला रक्त चढलं, कान तापले, तशी लाज. वल्लरी माझ्याकडे बघत होती, तिचे डोळे अगदी तुझे आहेत, त्यांच्यापुढं लपवता येत नाही.

मी म्हटलं, "लता लिहा."

वल्लरी माझ्या गळ्यात पडली. आत्या, तू किती मोठ्या मनाची आहेस, म्हणाली. ते तर आणखीच लागलं. कसलं मोठं मन? माझं काय गेलं? आधारकार्डावर मी लताच, पाटीवर लताच, आई हाक मारेल ती लताच. फोटोखालची दोन अक्षरं तुला दिली, तीही तुझीच. तुझ्या जिवंतपणी एकदा, एका सकाळी जरी मी तुला लता म्हटलं असतं तर काही दिलं म्हणता आलं असतं. चेष्टेत म्हणायलाही कोणाची ना नव्हती. तू चूल सारवताना, वेणी घालताना, दवाखान्यातून थकून आल्यावर. नुसतं, लता, चहा घेतेस का? मी हे आता एकटी असताना म्हणून पाहिलं. जीभ वळत नाही गं. स्वतःला हाक मारल्यासारखं वाटतं. आणि तू हे रोज केलंस.

तेरवीच्या सकाळी फोटो आला. पुढच्या खोलीत मशीनच्या वर खिळा ठोकला, कारण घरात तेवढीच भिंत येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. वल्लरीनं हार घातला. आईला खालचं वाचता येत नव्हतं, चष्मा सापडत नव्हता. तिनं विचारलं, काय लिहिलं. वल्लरीनं वाचून दाखवलं. आईनं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं आता ही भांडते. पण ती घाबरली होती. माझा हात धरून म्हणाली, "अवं, लोकं म्हणतीन तूच मेली."

"म्हणू दे त्याईले," मी म्हटलं.

आज दुकान उघडलं. सकाळी पहिलीच एक बाई आली, नवी, पलीकडच्या लेआउटमध्ये राहायला आलेली. हातात दोन ब्लाउजपीस. दारात पाटी वाचली, आत आली, समोर फोटो, हार, खाली नाव. ती जागीच थबकली. चेहरा पडला तिचा. म्हणाली, मैत्रिणीनं लता टेलरचं नाव सांगितलं होतं, ह्या कधी गेल्या? मी म्हटलं, पंधरा दिवस होतील. तिनं फोटोला हात जोडले. मग कापड पिशवीत परत घालायला लागली, तर मी म्हटलं, द्या इकडं, मी शिवते. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पण तुमी कोण?"

"मी त्यांची नणंद," मी सांगितलं.